तोलिसाविचांच्या घरातलं शेवटचं जावळ

आमच्या घराण्यात तीन पिढ्या राज्य झालं, पण त्यातल्या एकाही पराक्रमाचा मला चीज करताना काडीचा उपयोग होत नाही. दूध नासलं की नासलं. माझा नवरा मुकुट घालायचा, हे दुधाला सांगून भागत नाही. तरी दर उन्हाळ्यात खालच्या गावातून कुणी ना कुणी वर कुरणावर येतं, बाकावर ऐसपैस बसतं आणि म्हणतं, "देसाबाई, तोलिसाविचांचं राज्य कसं बुडालं ते सांगा ना." दुसऱ्याचं बुडालेलं ऐकायला माणसाला भारी गोडी. मला मात्र वेगळंच सांगायचं असतं. माझ्या मुलाचे डोळे कसे वाचले, ते. पण तिथवर पोचायचं तर राज्यावरूनच जावं लागतं, तेव्हा ऐका.

माझे आजेसासरे तोलिसाव. ते खिंडीत जकात घेत. समुद्राकडून मीठ घेऊन येणारे खेचरवाले त्यांना मिठाचा वाटा देत आणि पुढे जात. काही लोक म्हणतात की ते सरळसरळ दरोडेखोर होते. नव्हते, असं मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्यांची एक सवय होती. कूम व्हायला त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

आमच्याकडे मुलाचं जावळ जो पहिल्यांदा कापतो, तो त्या घराचा कूम. सख्खे भाऊ बांधावरून डोकी फोडतात, पण कूम कुमाच्या घरावर हात उचलत नाही. उचललाच तर संत योवान त्याच्याकडे बघून घेतो, आणि संत योवानला वेळ नसला तर शेजारीपाजारी बघून घेतात. शिवाय कूम कुणालाही करता येतं. समोर गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, "देवाच्या आणि संत योवानच्या नावानं तुला कूम करतो." मग समोरचा वैरी का असेना, त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणजे येतं, पण तसं म्हणणाऱ्याच्या घरी पुन्हा कुणी पाणी पीत नाही. खुनाची वैरंसुद्धा आमच्या डोंगरांत अशीच मिटतात.

तोलिसाव कमरेला कात्री लावूनच हिंडत. धनगराचं पोर, लोहाराचं पोर, ज्याला चोर म्हणून आदल्या दिवशी बदडलं त्याचंही पोर, सगळ्यांची जावळं त्यांनी कापली. म्हातारपणी असं एक खोरं उरलं नव्हतं जिथे त्यांचा कूम नाही. मग सम्राटाची माणसं कर वसूल करायला आली तेव्हा सगळ्या खोऱ्यांतून माणसं कुऱ्हाडी घेऊन खिंडीत जमली. तोलिसाव फार शूर होते म्हणून नव्हे. कुमाला एकटं सोडायचं नसतं म्हणून. आमचं राज्य झालं ते असं.

त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, राडोसावांनी, त्या राज्याला मुकुट आणला. दगडी देऊळ बांधलं, भिंतीवर स्वतःचं चित्र काढून घेतलं. चित्रात ते देऊळ हातावर घेऊन उभे आहेत, गरम पाव धरावा तसे. पण संत योवानच्या दिवशी तेही अंगणात बसून जावळं कापायचे. मुकुट काढून बाजूला ठेवायचे, कारण वाकलं की तो घसरून पोराच्या डोक्यावर पडायचा. एकदा पडलाही होता. ते पोर मोठं झाल्यावरही गावात स्वतःला युवराज म्हणवून घ्यायचं आणि राडोसाव ते ऐकून खो खो हसायचे.

आणि मग माझा नवरा, मिल्तेन.

तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. देखणा होता, गळा गोड होता, माझ्यावर त्याचा जीव होता. पण लहानपणी त्याला समुद्रकाठच्या शहरात शिकायला ठेवलं, तिथून तो रेशमी बाह्या आणि सुगंधी रुमाल घेऊन आला. गादीवर बसल्यावर पहिल्याच संत योवानच्या दिवशी अंगणात रांग लागली, पोरं केकाटायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "राजा काय न्हावी आहे?" आणि जावळं कापायचं काम त्यानं कारभाऱ्याला दिलं. चांदीची कात्री करून दिली वर. आपण फार मोठा मान दिला असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याच दिवशी वरच्या कुरणांचा मुखिया ओब्राद आपलं एकुलतं एक पोर घेऊन आला होता. बर्फात गुडघे टेकून त्यानं मिल्तेनला देवाच्या आणि संत योवानच्या नावानं साद घातली. मिल्तेन नव्या ससाण्याला मांस भरवत होता. तो प्रेमानंच म्हणाला, "लांबून आलाय बिचारा, त्याला जेवायला घाला. आणि कारभाऱ्याला सांगा, पोराचं उरकून टाक म्हणावं." ओब्राद जेवला नाही. पोराला घोंगड्यात गुंडाळून तसाच परत गेला. त्याच हिवाळ्यात पोराला ताप आला आणि ते गेलं, जावळासकट मातीत गेलं. मी तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत होते, नेनाद जेमतेम पंधरवड्याचा होता. मला हे सगळं दासीकडून कळलं, तेही बर्फ वितळल्यावर.

पुढच्या वर्षी संत योवानच्या दिवशी अंगणात चिटपाखरू नव्हतं. मिल्तेन खूश. "बघ देसा, काय शांत वाटतंय," म्हणाला.

आमच्या नेनादचं जावळही राहिलंच होतं. त्याच्यासाठी मिल्तेनला कूम हवा होता उत्तरेकडच्या मग्यार लोकांच्या राजाचा मेहुणा. निरोप गेले, घोडे गेले, मधाचे बुधले गेले. मेहुण्याला कधी गुडघेदुखी, कधी लढाई, कधी शिकार. चार वर्षं आम्ही मोठ्या माणसाची वाट बघत बसलो आणि पोराचे केस कमरेपर्यंत आले.

मेहुण्याच्या आधी आला बेरिवोय. पलीकडच्या खोऱ्याचा सरदार, फार मोठा नव्हे. आजेसासऱ्यांच्या काळी तर तो खिंडीच्या अलीकडे शिंकलासुद्धा नसता. मिल्तेननं चारी बाजूंना माणसं पाठवली, या म्हणून. एकाही खोऱ्यातून कुणी आलं नाही. फक्त एक उत्तर आलं: "आमचा कूम तुमचा कारभारी. तो बोलावील तर बघू." कारभारी तोवर चांदीची कात्री घेऊन बेरिवोयकडे पळाला होता.

मिल्तेन पुलावर उभा राहून लढला आणि पुलावरच पडला. रेशमी बाह्यांचा माणूस, पण पळाला नाही. त्याचा मला अभिमान वाटतो, आजही वाटतो. फक्त तो त्या दिवशी मरायला जेवढा तयार होता, तेवढाच आधी वाकायला तयार असता, तर लढावंच लागलं नसतं.

मी नेनादला मुलीचा झगा घातला आणि मागच्या दारानं निघाले. केस लांब होतेच. बेरिवोयची रीत सगळ्यांना ठाऊक होती. जिंकलेल्या घरातल्या मुलाला तो मारत नसे, तापलेल्या सळीनं त्याचे डोळे घालवत असे. आंधळा राजा होत नाही, आणि मारल्याचं पापही लागत नाही, असा त्याचा हिशेब.

जायचं कुठे? वरच्या कुरणांच्या टोकाला स्तोयामावशी राहायची, एवढं मला माहीत होतं. तिचं जावळ तोलिसावांनी कापलेलं. मी तिचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"महाराणी देसा."

"इथे महाराणीला जागा नाही."

मी थंडीनं आणि अपमानानं थरथरत उभी राहिले. दार किलकिलं झालं. एक सुरकुतलेला चेहरा आला आणि म्हणाला, "तोलिसावच्या नातसुनेला आहे. ये. आणि वाक जरा, दार बुटकं आहे."

मी वाकले नाही, सवयच नव्हती. कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. म्हातारी हसली आणि तिनं त्यावर लोणी चोळलं.

त्या हिवाळ्यात तिनं मला माणसात आणलं. दूध काढायला शिकवलं, शेण उचलायला शिकवलं. मी रडले की म्हणायची, "रड, पण बादलीत नको. दूध आधीच पातळ आहे." जवाची भाकरी ती तिघांत वाटायची आणि स्वतःला भूक नाही म्हणायची. रोज कशी भूक नसेल एखाद्या बाईला? मला ते कळायला बराच काळ लागला. देवानं तिला स्वर्गात चुलीशेजारची जागा दिलेली असो.

वसंतात, मेंढ्यांचं दूध काढायच्या वेळी, कुरणावर घोडेस्वार आले. पुढे ओब्राद. बेरिवोयनं मुद्दाम त्यालाच धाडलं होतं. एक तर त्याला वरचं झोपडंन्‌झोपडं माहीत, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरासाठी त्याच्या मनात दया असण्याचं कारण नव्हतं.

"या पाहुणे," स्तोयामावशी बादलीवरून न उठता म्हणाली. "दूध घेणार?"

"ही मुलगी कुणाची?" ओब्रादनं विचारलं.

"माझ्या भाचीची. ही बघ भाची. माठ आहे जरा, पण कामाला बरी."

ओब्राद घोड्यावरून उतरला. नेनादसमोर उकिडवा बसला आणि त्यानं केसांची एक बट बोटांवर घेतली.

"या केसांना कात्री लागलेली नाही, मावशी," तो म्हणाला. "टोकं बघ. जन्माची आहेत, अशी निमुळती. माझ्याजवळ अशीच एक बट आहे. पुरताना काढून घेतली." मग तो उठला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "हाच तो. चूल कुठे आहे बघा."

चूल आमचीच, चिजाची. त्यांनी तिच्यात सळई घातली. नेनादला गंमत वाटली. तो झगा सावरत चुलीपाशी गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि सळई लाल होते कशी ते बघायला लागला. "आई, बघ ना, बघ ना," म्हणाला.

ओरडावं, धावावं, मला काही सुचेना. स्तोयामावशीनं मला दंडाला असा चिमटा काढला की महिनाभर काळानिळा डाग होता.

"बघत काय बसलीस?" ती दातओठ खात पुटपुटली. "सोनं नाही, सैन्य नाही. पोर आहे, त्याचं जावळ आहे आणि समोर माणूस उभा आहे. टेक गुडघे!"

"त्याच्यासमोर? तो कधीच…"

"टेक म्हणते ना!"

खुंटीवर मेंढ्या कातरायची कात्री होती. ती मी घेतली, नेनादला चुलीपासून ओढलं आणि ओब्रादसमोर शेणात गुडघे टेकले. देवळाबाहेर मी आयुष्यात पहिल्यांदा गुडघे टेकत होते.

"ओब्राद, देवाच्या आणि संत योवानच्या नावानं तुला कूम करते. माझ्या मुलाचं जावळ काप."

चुलीपाशी बसलेल्या माणसांनी छातीवर क्रूस काढला. एकानं टोपी उतरवली. ओब्रादचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू हे कुणाला म्हणतेस, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मी हेच शब्द तुझ्या अंगणात म्हटले होते. बर्फात."

"माहीत आहे."

"माझं पोर केसांसकट मातीत गेलं. वर गेल्यावर त्याचा हात धरायला कूम नाही त्याला."

"माहीत आहे, ओब्राद."

"मग कुठल्या तोंडानं मागतेस?"

"तोंड नाहीच माझ्याजवळ," मी म्हणाले. "म्हणून तर गुडघ्यांवर आहे."

मेंढ्या ओरडत होत्या, एक तर माझ्या पदराचं टोक चघळत होती, आणि मला तिला हाकलायचंही भान नव्हतं.

"रोज निजताना मी हेच डोळ्यांपुढे आणायचो," ओब्राद शेवटी म्हणाला. "तुमच्या घरातलं कुणीतरी माझ्यापुढे असं बसेल, आणि मी म्हणेन, कारभाऱ्याला सांगा. काय गोड वाटायचं ते. चार वर्षं त्याच्यावर जगलो मी. आता तू बसलीस, आणि माझ्या तोंडून ते निघत नाही. ते ऐकल्यावर माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे ना."

त्यानं माझ्या हातातून कात्री घेतली.

"दुखेल?" नेनादनं विचारलं.

"नाही रे," ओब्राद म्हणाला. "तुझ्या कुमाचा हात हलका आहे. मान खाली घाल."

त्यानं एक एक बट धरून कापली, सावकाश, जणू पुन्हा हे काम मिळणार नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. स्तोयामावशीनं चुलीतली सळई चिमट्यानं उचलली आणि चिजाच्या पाण्यात बुडवली. केवढा चर्रकन आवाज झाला! "वाया गेलं माझं पाणी," असं म्हणत तिनं सगळ्यांना भाकरी आणि माझं खारट चीज वाढलं. सळई आणणारेही मुकाट्यानं जेवले.

जाताना ओब्राद म्हणाला, "पोर हिवाळ्यात तापानं गेलं, असं सांगतो."

त्यानं सांगितलंही तसंच. नीट खोटं बोलला, असं त्याच्याबरोबरची माणसं म्हणतात. बेरिवोयनंही जवळजवळ विश्वास ठेवला होता. फक्त उठता उठता तो म्हणाला, "संत योवानची शपथ घे, म्हणजे झालं." आणि तिथे ओब्राद गप्प झाला. संत योवानला साक्षी ठेवून तो कूम झाला होता, त्याच संताची खोटी शपथ त्याला घेता येईना. बेरिवोयनं थोडी वाट बघितली. मग म्हणाला, "दोन डोळे आणायला पाठवलं होतं. दोनच घेतो."

हिवाळ्याच्या तोंडाशी मिठाची खेचरं वर आली. शेवटच्या खेचराचं खोगीर धरून एक माणूस ठेचकाळत चालत होता, डोळ्यांवर फडकं बांधलेलं. मी दारातच खाली बसले. त्याचे पाय धरले.

"कुमाबाई ना?" तो म्हणाला. "ऊठ. एकदा बसलीस तेवढं पुरे. भूक लागली आहे. तुझं चीज अजून तेवढंच खारट असेल तर भाकरी जास्त दे."

तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. स्वभावानं तिरसट, कशाला चांगलं म्हणणार नाही. मिठावरून आमची रोज खडाजंगी होते. स्तोयामावशी होती तोवर ती त्याच्या बाजूनं भांडायची. बेरिवोयनं त्या दोन डोळ्यांवर हिशेब मिटवला, वर पुन्हा कुणाला धाडलं नाही. त्याचं राज्य त्याच्याहून मोठ्या कुणीतरी केव्हाच गिळलं, आणि त्या मोठ्यालाही आणखी मोठ्यानं. नेनादला आता कुणी शोधत नाही. सासऱ्यांच्या देवळात पावसाळ्यात बकऱ्या बांधतात, असं ऐकते. बांधोत. मला वाईट वाटत नाही. ज्यानं माझ्या मुलाला जग बघू दिलं, त्याला मी रोज गरम जेवायला घालू शकते, याहून मोठं काय मागायचं? रात्री निजताना मी देवाचे आभार मानते, मग स्तोयामावशीचे, मग ओब्रादचे. ओब्रादचे मोठ्यानं मानते, कारण तो शेजारच्या खोलीत जागा असतो. "पुरे गं, झोप," असं भिंतीपलीकडून येतंच.

नेनाद आता उंचापुरा झालाय. दाढी आहे, बायको आहे, स्वतःची मेंढरं आहेत. पण ओब्रादनं त्याला डोळ्यांनी पाहिलं ते एकदाच, चार वर्षांचा असताना. संध्याकाळी नेनाद कुरणावरून परत येतो, पावलं वाजली की बाकावर बसलेला ओब्राद हात पुढे करतो, आणि तो हात दरवेळी तेवढ्याच उंचीवर जातो, चार वर्षांच्या पोराच्या डोक्याच्या. नेनाद बारा-तेरा वर्षांचा असताना एकदा तो हात त्याच्या पोटापाशी चाचपडला. डोकं काही लागेना, तसा ओब्रादचा चेहरा गोंधळला. मी चुलीपासून बघत होते. नेनादनं पाठीवरचं लाकूड खाली ठेवलं आणि गुडघ्यांवर बसला.

तेव्हापासून तो रोज बसतो. थकलेला असो, चिखलात असो, पाहुणे असोत. ओब्राद त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो, कान चाचपतो, कपाळ चाचपतो, आणि माझ्या दिशेनं तोंड करून कुरकुरतो.

"पोराची उंची काही वाढत नाही, कुमाबाई. नीट जेवायला घालत जा त्याला."

"घालते, कूमदादा," मी म्हणते. "घालते हो."